रमाबाई, कोणत्या रमाबाई?

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी स्त्रियांवरच्या एका लेखसंग्रहाची नामसूची करण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. लेखक बरेच, आणि आपली रमाबाई सोडून जगात दुसरी रमाबाई असेल असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नसावं. पानोपानी नुसतं ‘रमाबाई म्हणाल्या’, ‘आनंदीबाईंनी लिहिलं’. वाचताना ते चालून जातं, सूचीत चालत नाही. कच्ची सूची तयार झाल्यावर मी ती आत्याला दाखवली. आत्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. मुद्रितं तपासताना तिच्या तावडीतून अनुस्वारही सुटत नाही. तिनं पहिल्याच पानावर पेन्सिल टेकवली आणि तिथून आमची जुंपली.

आत्या : ही यमुना कुर्लेकर कोण गं?

मी : रमाबाई रानडे.

आत्या : मग तसं लिही की.

मी : मुद्दामच नाही लिहिलं. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही यमुना. १८७३ च्या डिसेंबरात, ११ वर्षांची असताना, ३१ वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी तिचं लग्न झालं आणि सासरी तिची रमा झाली. आत्या, माझ्याकडे चार रमाबाई आहेत. पेशव्यांच्या, पंडिता, रानड्यांच्या आणि आंबेडकरांच्या. आनंदीबाई तीन. लक्ष्मीबाई तीन. वाचणारा म्हणेल, काय हा योगायोग! पण यात योगायोग फार थोडा आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि ते नाव बहुधा ठरलेल्या नावांतलंच. रमा, लक्ष्मी, आनंदी, पार्वती, राधा, जानकी, सरस्वती. एवढ्याशा नावांत अख्ख्या शतकातल्या बायका बसवल्या, मग गर्दी होणारच. म्हणून मी ठरवलंय, मुख्य नोंद जन्मनावानं करायची आणि सासरच्या नावापुढे नुसतं ‘पहा’.

आत्या : म्हणजे रमाबाई रानड्यांना शोधत येणाऱ्याला तू आधी कुर्लेकरांकडे पाठवणार.

मी : जाऊ दे की त्याला एकदा माहेरी.

आत्या : त्या स्वतः गेल्या का परत त्या नावाकडे? १९१० साली आठवणी छापल्या, त्यावर नाव कोणाचं? पुण्यात सेवासदन उभं केलं ते कोणी? बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून मुंबई इलाख्यात सभा घेतल्या, त्या कोणी? सगळीकडे रमाबाईच. ज्या नावानं ५० वर्षं काढली ते बाजूला, आणि ज्या नावानं परकर नेसून सागरगोटे खेळली ते पुढे, हा कुठला न्याय?

मी : नाव खोटं आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्यानं दिलेलं आहे, एवढंच म्हणतेय.

आत्या : मग जन्माचं नाव काय तिनं स्वतः ठेवलं होतं?

मी : नाही, पण आईबापांनी ठेवलेलं नाव तिला पाहून ठेवलेलं असतं. सासरचं नाव नवऱ्याला पाहून ठेवतात. रानड्यांना पुण्यात माधवराव म्हणत, बरोबर?

आत्या : म्हणत काय, अजून म्हणतात. न्यायमूर्ती माधवराव रानडे.

मी : झालं तर. माधवाच्या घरी आली म्हणून रमा. जोडी जमली पाहिजे ना! पेशव्यांच्या घरी आधीच एक जोडी होऊन गेली होती, माधवराव आणि रमाबाई. शंभर वर्षांनी त्याच पुण्यात पुन्हा माधवराव आणि रमाबाई.

आत्या : आणि म्हणून तर मी म्हणते, त्या दोघींना सूचीत एकमेकींपासून लांब नेऊ नकोस! जरा विचार कर. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला, चिंतामणीच्या देवळात, माधवराव पेशवे गेले. क्षयानं. वय अवघं २७. रमाबाई सती गेल्या. आजही लोक थेऊरला जातात ते गणपतीसाठी जातात आणि नदीकाठी तिच्या वृंदावनाला हात जोडून येतात. आता दुसरी जोडी. १९०१ च्या जानेवारीत माधवराव रानडे गेले. ही रमा मागे राहिली ती २३ वर्षं. तुरुंगातल्या बायकांना भेटायला गेली, १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, बायकांना परिचारिका केलं, शिक्षिका केलं. नाव तेच, शहर तेच, नवऱ्याचं नावसुद्धा तेच. मधल्या १३० वर्षांत काय झालं हे कुणाला दोन ओळींत दाखवायचं असेल तर ह्या दोन नोंदी एकीखाली एक हव्यात. तू एकीला ‘क’मध्ये टाकलीस की हे कोणाला दिसणार?

हा मुद्दा मला बिनतोड वाटला नाही, पण चांगला वाटला. सारख्या नावामुळे घोटाळा होतो एवढंच आपण धरून चालतो. दोन आयुष्यं शेजारी ठेवायची सोयही त्यामुळे होते, हे सूची करणाऱ्याच्या सहसा डोक्यात येत नाही. अर्थात घोटाळा व्हायचा तो होतोच.

आत्या : आणि घोटाळ्याचं म्हणशील तर सूचीनं तो थांबतो असं नाही. २०१२ साली टीव्हीवर रानड्यांच्या रमाबाईंवरची ‘उंच माझा झोका’ मालिका लागायची. पुढे दोन वर्षांनी पेशव्यांवरचा ‘रमा माधव’ सिनेमा आला, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बाईंनी तिकिटं काढली ती रानड्यांचा सिनेमा समजून. मध्यंतरापर्यंत त्या सेवासदनाची वाट बघत होत्या.

मी : बघ, म्हणूनच जन्मनाव हवं.

आत्या : पेशव्यांच्या रमाबाईंचं जन्मनाव देऊन त्या बाईंचं तिकीट वाचलं असतं का? ते राहू दे. तुझी ती जोडी जमवायची उपपत्ती. गोपाळराव जोश्यांच्या बायकोचं नाव आनंदी कसं? गोपाळाला राधा हवी, रुक्मिणी हवी. झाशीच्या गंगाधररावांच्या राणीचं नाव लक्ष्मी. गंगाधर म्हणजे शंकर, त्याला पार्वती हवी होती. तुझ्या ताटातले तांदूळ सांडले गं.

मी : सगळीकडे जोडी जमवायचेच असं मी कुठे म्हटलं? नाव बदलायचे, हे तर खरं ना? नारायण वामन टिळकांच्या घरी मात्र जमवलेली दिसते. १८८० साली लग्न झालं आणि मनकर्णिका गोखलेची झाली लक्ष्मी. नारायणाची लक्ष्मी. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्या ह्याच.

आत्या : थांब थांब. मनकर्णिका?

मी : हो. घरी मनू म्हणत.

आत्या : अगं, झाशीची राणीही मनूच. मोरोपंत तांब्यांची मणिकर्णिका, काशीत जन्मलेली. १८४२ साली लग्न झालं आणि लक्ष्मीबाई झाली. म्हणजे दोघी आधीही एकाच नावाच्या आणि नंतरही एकाच नावाच्या! आता सांग, तुझं जन्मनाव इथं काय उपयोगी पडलं?

मी : पडलं की. एकाच दारातून आत गेल्या आणि एकाच दारातून बाहेर आल्या, हे त्यामुळेच कळलं ना आत्ता तुला?

आत्या : कळलं, पण सूचीतून नाही, भांडणातून कळलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण लेखसंग्रहातही ती निसटलेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या घराला १८५७ चा चटका थेट बसला होता. त्यांच्या आजोबांना त्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं, आणि त्या धक्क्यानं वडील सोवळ्याच्या पार आहारी गेले. घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायचे. झाशीची राणी १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला लढताना पडली आणि दहा वर्षांनी ही दुसरी मनू नाशिककडच्या जलालपुरात जन्मली. लक्ष्मीबाई टिळक म्हटल्यावर लोकमान्यांच्या पत्नी समजणारे लोक अजून भेटतात, ते वेगळंच. तिथं तर आडनावही मदतीला येत नाही.

आत्या : जन्मनावाचं तुझं कौतुक अजून मोडलं नसेल तर पुढचं ऐक. डॉक्टर आनंदीबाई जोशी. कल्याणच्या. माहेरचं नाव काय?

मी : …यमुना.

आत्या : हं! रानड्यांची रमा ती यमुना, आणि जोश्यांची आनंदी तीही यमुना. म्हणजे सासरी ज्यांची नावं वेगळी आहेत, त्या तुझ्या सूचीत माहेरी जाऊन एकाच नावाच्या होणार. नसलेला घोटाळा तू नव्यानं घालणार! आणि तिसरी यमुना हवी असेल तर बाबा पदमनजींकडे आहे, १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’मध्ये. विधवांची दुःखं बघत हिंडणारी.

मी : ती कादंबरीतली आहे, सूचीत नाही. पण ह्या दोन यमुना शेजारी येऊ देत की. मला तर आवडेल. तीन वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या दोन मुली. एकीला ११ व्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आल्यावर नवऱ्यानं पहिल्याच दिवसांत मुळाक्षरं शिकवायला घेतली. दुसरीला ९ व्या वर्षी पोस्टातल्या नवऱ्यानं. पहिली घरातल्या बायकांचे टोमणे खात इंग्रजी शिकली. दुसरीचं मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हा ती १४ वर्षांची होती, आणि पुढे ती १८८३ साली नवऱ्याशिवाय बोटीत बसून अमेरिकेला गेली, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात मरण पावली. २२ वर्षंही पुरी नव्हती. तू थेऊरची रमा आणि सेवासदनाची रमा शेजारी ठेव म्हणतेस, तसंच मी ह्या दोन यमुना शेजारी ठेव म्हणतेय. तुझीच युक्ती.

आत्या : माझी युक्ती वाचणाऱ्याला माहीत असलेल्या नावावर चालते. तुझी त्याला माहीत नसलेल्या नावावर.

मी : सूची काय फक्त माहीत असलेलं शोधायला असते?

आत्या : हो. सूची शोधायलाच असते. शिकवायचं असेल तर प्रस्तावना लिही.

चहा झाला. मी मुद्दाम विषय पंडिता रमाबाईंकडे नेला, कारण तिथं माझी बाजू पक्की आहे असं मला वाटत होतं.

मी : चार रमाबाईंत ही एक अशी आहे की जिचं नाव लग्नात बदललं नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी १८५८ साली मुलीचं नाव रमा ठेवलं, ते शेवटपर्यंत रमाच राहिलं. आईबाप दुष्काळात गेले, भावाबरोबर देशभर पुराणं सांगत हिंडली, पाटण्याजवळ बांकीपूरला लग्न केलं ते नोंदणी करून. आणि हीच एक अशी की जिला ओळखायला ना बापाचं आडनाव लागतं ना नवऱ्याचं. इतर तिघींपुढे पेशवे, रानडे, आंबेडकर लावावं लागतं. हिच्यामागे नुसतं ‘पंडिता’.

आत्या : आणि ‘पंडिता’ कोणी दिलं? १८७८ साली कलकत्त्याच्या शास्त्रीमंडळींनी. ‘सरस्वती’ही त्यांनीच. सगळे पुरुषच होते हो तिथं.

मी : होते. पण परीक्षा घेऊन दिलं, लग्न लावून नाही.

आत्या : बरं बोललीस! पण तिचंही नाव शाबूत राहिलं नाही हे विसरू नकोस. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला तेव्हा ‘मेरी रमा’ झालं. तिथल्या पत्रांखाली तशी सही आहे.

मी : झालं, पण जुनं पुसलं नाही. ‘मेरी’ पुढे आलं आणि ‘रमा’ जागेवर राहिलं. आणि गंमत तर पुढे आहे. शुक्र ग्रहावरच्या विवरांना नामवंत स्त्रियांची नावं देतात. त्यात एक विवर आहे ‘जोशी’, आनंदीबाईंचं. आणि पंडिता रमाबाईंच्या विवराचं नाव काय असेल?

आत्या : रमाबाई.

मी : ‘मेधावी’! बिपिनबिहारी मेधावी. १८८० ला लग्न, १८८२ ला ते वारले. दोन वर्षंही धड नाहीत. त्या आडनावानं पुण्यात तिला कोणी हाक मारली नसेल. केडगावात मुक्तिसदनात हजारो बायका-मुली राहून गेल्या, त्यांना हे आडनाव सांगितलं तर कळणार नाही. पण शुक्रावर ती मेधावी. म्हणजे नियम लावला की असं होतं. बाई दिसली की आडनाव शोधायचं, आणि आडनाव म्हटलं की नवऱ्याचं.

आत्या काही क्षण गप्प होती. मग हसली.

आत्या : हे मला आवडलं. म्हणजे वाईट वाटलं, पण आवडलं. मग तुझ्या नियमानं तरी काय होणार आहे? जन्मनाव, म्हणजे ‘डोंगरे, रमा’. ‘ड’मध्ये. तिथं तरी कोण शोधायला जाणार?

मी : तिला ‘र’मध्येच ठेवलीय. ‘रमाबाई, पंडिता’.

आत्या : म्हणजे नियम मोडलास.

मी : तिच्यासाठी मोडला.

आत्या : मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? अगं, पुण्यानं हा प्रश्न तेव्हाच सोडवला होता. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, २४ वर्षांच्या. रानड्यांच्या रमाबाई २० च्या. भांडारकर, रानडे, सगळ्या सुधारकांनी स्वागत केलं, आर्य महिला समाज निघाला, शनिवारी बायकांच्या सभा भरायच्या. रानड्यांच्या घरातल्या बायका त्यावरून केवढ्या खवळल्या ते आठवणींत आलंय. एकाच सभेत दोन रमाबाई. लोकांनी काय केलं? ह्यांना ‘पंडिताबाई’ म्हणायला लागले, झालं. कोणाच्या माहेरी चौकशी केली नाही. जिच्या अंगी जे होतं त्यावरून ओळख पडली.

मी : आणि दुसरीच्या अंगी काय होतं? रानड्यांची बायको असणं? कारण तिला ‘रानड्यांच्या’ म्हणूनच ओळखायचे.

आत्या : तेव्हा. पुढे सेवासदनाच्या.

मी : पुढे म्हणजे नवरा गेल्यावर.

आत्या : ते मात्र खरं.

ह्या दोघी रमाबाईंची पुढची गोष्ट गोड नाही. पंडिताबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी पुण्यात आणलं. मुलींना ख्रिस्ती करतात असा गवगवा ‘केसरी’नं केला आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. दहा वर्षांपूर्वी एका सभेत बसणाऱ्या दोन रमाबाई, त्यानंतर एकीच्या कामात दुसरी नाही. आयुष्य दोघींचं जवळजवळच्याच वर्षांत संपलं : पंडिता १९२२, रानडे १९२४. टपाल खात्यानं मात्र दोघींचीही तिकिटं काढली, रानड्यांच्या रमाबाईंचं १९६२ साली आणि पंडिताबाईंचं १९८९ साली.

आत्या : माझंही नाव बदललं, तुला माहितेय.

मी : माहितेय.

आत्या : म्हणून तुला वाटतं की मी माझी बाजू लावून धरतेय. तसं नाही. पहिलं वर्ष मला कोणी सासरच्या नावानं हाक मारली की मी मागे वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून. पण नंतर त्याच नावानं शाळेत शिकवलं. मुलं त्याच नावानं भेटायला येतात. आता तू मला माहेरच्या नावानं सूचीत टाकलंस तर मी म्हणेन, बाई गं, मी काय दहावी पास होऊन मेले का?

मी : आणि कोणी तुझं माहेरचं नाव गाळलं तर?

आत्या : तर चिडेन. पण ते माझं खाजगी चिडणं. तुझं पुस्तक त्यासाठी नाही.

मी : पुस्तक त्यासाठीच आहे गं. बदलणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं म्हणूनच दाखवायला हवं. बडोद्याचं उदाहरण घे. सयाजीरावांची पहिली बायको तंजावरची लक्ष्मीबाई. लग्नात नाव झालं चिमणाबाई. १८८५ साली ती वारली. त्याच वर्षी दुसरं लग्न, देवासच्या गजराबाईशी. तिचं नाव काय ठेवलं? पुन्हा चिमणाबाई! खुर्ची तीच, बसणारी बदलली. बडोद्यात चिमणाबाईंच्या नावानं घड्याळाचा मनोरा आहे तो पहिलीचा. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, त्याच्या अध्यक्ष चिमणाबाई, त्या दुसऱ्या. इथं तरी पहिली-दुसरी असा आकडा घालावाच लागतो, आणि आकडा बघून वाटतं की एकच पद दोघींनी भूषवलं. माणसं दोन होती.

आत्या : पण नाव काय फक्त बायकांचंच बदललं? सयाजीराव तरी जन्मानं सयाजीराव होते का? कवळाण्याचे गोपाळ. १८७५ साली दत्तक घेतले आणि सयाजीराव तिसरे झाले. कोल्हापूरचे शाहू महाराज, कागलच्या घाटग्यांचे यशवंत. १८८४ साली दत्तक गेले आणि शाहू झाले, साताऱ्याच्या थोरल्या शाहूंचं नाव. राजांना तर नंबरासकट नाव लागतं, आणि लोक आवडीनं ‘सयाजीराव तिसरे’ म्हणतात. त्यांच्यासाठी तू गोपाळ नावानं नोंद करशील?

मी : त्यांना नावाबरोबर गादी मिळाली आत्या. हिला नावाबरोबर चूल मिळाली.

आत्या : चिमणाबाईला चूल नव्हती.

मी : पडदा होता. दुसरीनं तो पुढे टाकला, स्वतः.

आत्या : मग तेच लिही! ‘चिमणाबाई, बडोद्याच्या महाराणी, पडदा सोडणाऱ्या’. आकडा कशाला?

(हे तिचं मला पटलं. पण सूचीतल्या ओळीत एवढं मावत नाही, आणि प्रकाशक मावेल तितकंच छापतात.)

मी : आंबेडकरांच्या रमाबाईंचं काय करू? त्या विसाव्या शतकातल्या, पण एका लेखात आल्यात. वणंदच्या, दापोलीजवळच्या.

आत्या : त्यांना लोकांनी सगळ्यांत सोपं केलंय. रमाई. रमाई म्हटलं की महाराष्ट्रात कोणी विचारत नाही, कुठली रमाई. सरकारी घरकुल योजनेचंही नाव रमाई. पंडितेला पदवी लागली, रानड्यांना आडनाव लागलं, हिला दोन्हींची गरज नाही. नुसतं ‘बाई’चं ‘आई’ केलं. हे कुठल्या पंडितानं केलं नाही, सूची करणाऱ्यानं तर नाहीच नाही. वस्तीवस्तीनं केलं.

मी : आणि बाबासाहेब म्हणत रामू. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ त्यांनी तिच्या स्मृतीला अर्पण केलं, तिथं रामूच आहे. १९३५ च्या मे महिन्यात राजगृहात ती गेली, बाबासाहेबांची मोठी कीर्ती अजून व्हायची होती. म्हणजे एकीची दोन नावं : एक घरातलं, एका माणसाच्या तोंडचं, आणि एक लाखोंच्या तोंडचं. मधलं जे अधिकृत आहे, ‘रमाबाई आंबेडकर’, ते फक्त फलकांवर आणि माझ्या सूचीत.

आत्या : मग ‘रमाई’ लिही, आणि ‘रमाबाई आंबेडकर – पहा रमाई’.

मी : हे तू सांगतेस? मघाशी म्हणालीस, लोक जिथं शोधतात तिथंच नोंद हवी.

आत्या : लोक तिथंच शोधतात.

तिचं बरोबर होतं, आणि त्यामुळे माझा सगळा नियम डगमगला होता, तो तसा अजूनही डगमगतच आहे. मग राहिल्या आनंदीबाई. तीन. पहिल्या रघुनाथरावांच्या, ‘ध’चा ‘मा’वाल्या. तो कागद कोणी पाहिला नाही, पण नारायणरावांच्या खुनाचं बालंट त्यांच्या कपाळी कायमचं लागलं, १७७३ पासून. मला इथं एक कोडं पडतं. त्या खुनानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८७४ साली, गोपाळराव जोश्यांना आपल्या बायकोचं नाव आनंदी ठेवावंसं वाटलं. म्हणजे बदनामी नावाला चिकटली नव्हती, बाईलाच चिकटली. आत्याला ते कोडं वाटत नाही. तिच्या मते नावाला काही चिकटतच नसतं.

तिसऱ्या आनंदीबाई कर्व्यांच्या. जन्मनाव गोदू, आडनाव जोशी. लहानपणीच विधवा झाली. पंडिताबाईंच्या शारदा सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला तेव्हा ती आनंदी झाली. जोश्यांची आनंदी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आत्या : तिची धाकटी बहीण कोण, माहितेय ना?

मी : पार्वतीबाई आठवले. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव झोळी घेऊन फिरलेल्या, पुढे अमेरिकेत जाऊन घरकामं करून पैसे जमवणाऱ्या. ‘माझी कहाणी’ लिहिली त्यांनी.

आत्या : आणि दुसऱ्या पार्वतीबाई सदाशिवरावभाऊंच्या. पानिपतावरनं परत आल्या, पण नवरा गेलाय हे शेवटपर्यंत मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. त्याच आशेवर एक तोतया भाऊ उभा राहिला आणि १७७६ साली पुण्यात त्याला मारलं. एक पार्वती वैधव्य नाकारणारी, आणि दुसरी वैधव्य पत्करून मग एके दिवशी वपन नाकारणारी. ह्यांना कुठं ठेवणार?

मी : एकीखाली एक.

आत्या : म्हणजे माझ्या पद्धतीनं!

मी : पण आठवल्यांच्या पार्वतीबाईंपुढे ‘आनंदीबाई कर्वे यांच्या भगिनी’ असं लिहिणार. नवऱ्याचं नाही.

आत्या : लिही. पण मग आनंदीबाई कर्व्यांना आनंदीबाई कोण म्हणतं? त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिलं, त्यांच्या नावानं कर्व्यांच्या संस्थेत पुरस्कार देतात, तो कोणत्या नावानं?

मी : बाया कर्वे.

आत्या : मग?

मी : मग ‘बाया कर्वे’, ‘ब’मध्ये.

ना माहेरचं, ना सासरचं. ह्या एका नोंदीवर आम्ही भांडलो नाही. ‘आनंदीबाई कर्वे’ आणि ‘गोदूबाई जोशी’, दोन्हींपुढे ‘पहा बाया कर्वे’ असं आत्यानं स्वतःच्या पेन्सिलीनं लिहिलं आणि वरच्या ‘यमुना कुर्लेकर’वर मारलेली काट मी लगेच खोडरबरानं पुसली.